मोडी रुमालांच्या लिप्यंतराच्या नोंदी : जुलै ते डिसेंबर २०२४

१ जुलै २०२४, सोमवार

आजपासून काम सुरू झाले. एका जुन्या घराण्याच्या दप्तरातले अकरा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आमच्याकडे आले असून त्यांतली १,५०० पाने मोडीतून देवनागरीत उतरवून ३१ डिसेंबरपर्यंत द्यायची आहेत. मूळ कागद आपापल्या बासनातच राहतील. आमच्या हाती त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रतिमा आहेत. आम्ही तिघे आहोत : मी, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या आणि तीस वर्षे मोडी वाचणाऱ्या बाई, आणि इतिहासात एम. ए. करून दोन वर्षांपूर्वी मोडी शिकलेला आमचा धाकटा सहकारी, ज्याचा वाचनाचा वेग आम्हा दोघींपेक्षा जास्त आहे.

हिशेब साधा आहे. आठवड्याचे पाच दिवस धरले, सणवार वजा केले, तर कामाचे सुमारे ११० दिवस हाती राहतात आणि तिघांना मिळून रोज १४ पाने पुरी करावी लागतात. माणशी आठ पाने रोज होतील आणि काम ऑक्टोबरच्या आतच संपेल, अशी काम देणाऱ्या संस्थेची अपेक्षा होती. तो आकडा मी मान्य केला नाही, आणि या नोंदी ठेवण्याचे कारणही तेच आहे.

२०२२ च्या हिवाळ्यात मी दुसऱ्या एका ठिकाणचे जमाखर्चाचे कागद अकरा आठवड्यांत एकटीने उतरवले. रात्री एकपर्यंत बसत होते. काम वेळेवर दिले, आणि त्यानंतर पाच महिने मला मोडीचे पान समोर धरवत नव्हते. फाइल उघडायची, पहिल्या ओळीवरची लांबच लांब शिरोरेषा दिसली की छातीत काहीतरी घट्ट व्हायचे आणि मी ती बंद करायचे. ज्या लिपीवर मी वीस वर्षे जीव टाकला, तिचाच उबग यावा याचे मला फार वाईट वाटले होते. या वेळी माझ्याबरोबर आणखी दोन माणसे आहेत आणि त्यांच्या कामाचे वेळापत्रक मी ठरवणार आहे, म्हणून काम किती झाले एवढेच लिहून न थांबता ते कोणत्या अवस्थेत झाले हेही मी लिहिणार आहे.

४ जुलै, गुरुवार

पान पुरे झाले असे केव्हा म्हणायचे, यावर आज तासभर चर्चा झाली. एकाने वाचून टंकलेले पान दुसऱ्याने मूळ प्रतिमेशी ताडून पाहायचे, याला आम्ही दुबार वाचन म्हणतो. मोडीत ते टाळता येत नाही. लेखणी न उचलता लिहिलेल्या ओळीत शब्द सुटे नसतात, विरामचिन्हे नसतात, ह्रस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. एक वाचणारा जिथे "नगर पासोन" वाचतो तिथे दुसऱ्याला "न गरपासोन" दिसू शकते आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटते.

ठरले ते असे : दुबार वाचनातून उतरलेले पानच वहीत पुरे म्हणून मांडायचे. पहिल्या वाचनातले पान कितीही वेगाने झाले तरी ते मोजायचे नाही. बाईंना हे लगेच पटले. धाकट्या सहकाऱ्याचा चेहरा थोडा उतरला, कारण त्याची पाने आमच्यापेक्षा नेहमीच जास्त असतात.

१२ जुलै, शुक्रवार

दोन आठवड्यांत १२६ पाने वाचून झाली, त्यांपैकी ८८ दुबार वाचनातून उतरली. दुबार वाचनात केलेल्या दुरुस्त्या मी पानागणिक मोजल्या आणि ते पान पहिल्यांदा दिवसाच्या कोणत्या वेळी वाचले होते तेही शेजारी मांडले. सकाळी दहा ते एकच्या दरम्यान वाचलेल्या पानात सरासरी तीन दुरुस्त्या निघतात आणि दुपारी चारनंतर वाचलेल्या पानात आठ ते नऊ. तिघांच्याही बाबतीत हे खरे आहे. फरक असलाच तर एवढा की बाईंचा चारनंतरचा आकडा आमच्यापेक्षा कमी आहे, कारण जेवणानंतर अर्धा तास पडण्याची सवय त्यांनी निवृत्तीनंतरही मोडलेली नाही.

म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत बसून जी दोन पाने जास्त होतात, ती दुसऱ्या दिवशीची सकाळ खातात. वाचणाऱ्याला ती कमाई वाटते, ताडणाऱ्याच्या वाट्याला मात्र ते कर्ज येते.

हा अनुभव काही आमच्यापुरता नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार, ज्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आठवड्याला सत्तर-सत्तर तास राबत होते. त्यांच्या प्रकृतीचा आणि उत्पादनाचा अभ्यास करण्यासाठी तिथल्या सरकारने १९१५ मध्ये एक समिती नेमली होती. त्या समितीच्या संशोधकांनी जमवलेले आकडे स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा आठवड्याला साधारण पन्नास तासांच्या पुढे प्रत्येक वाढीव तासाचे उत्पादन घसरत जाते आणि ७० तासांच्या आठवड्यातून ५६ तासांच्या आठवड्यापेक्षा फारसे जास्त काही निघत नाही, असे दिसले. तोफगोळे मोजता येतात म्हणून ते शंभर वर्षांपूर्वी कळले. वाचनाच्या कामात घसरण डोळ्यांना दिसत नाही, ती दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर जाऊन दिसते. आमच्या कामात पन्नास तासांचा प्रश्नच नाही; मोडीचे लक्षपूर्वक वाचन दिवसाला चार तासांच्या पुढे टिकत नाही, हे मी माझ्यापुरते तरी खात्रीने सांगू शकते.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. सुट्टी. कोणीही काम केले नाही.

२२ जुलै, सोमवार

दिवसाची मांडणी बदलली. आतापर्यंत सकाळी नवे वाचन आणि दुपारी दुबार वाचन असा क्रम होता, कारण ताडून पाहणे हे हलके काम आहे असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तेच अधिक जड आहे. तयार देवनागरी ओळ समोर असली की डोळा तिच्यामागे फरपटत जातो आणि प्रतिमेतही तेच दिसू लागते. त्या ओढीला रोखून धरायला ताजे डोके लागते. आता सकाळी दहा ते साडेअकरा आदल्या दिवशीच्या पानांचे दुबार वाचन, मग चहा, मग दीडपर्यंत नवे वाचन. जेवणानंतर तासभर आणखी वाचन, आणि तीननंतर मोडी अजिबात वाचायची नाही. प्रतिमांना क्रमांक देणे, अडलेल्या शब्दांची यादी, शुहूर सनांचे, म्हणजे जुन्या कागदांत अरबी शब्दांनी लिहिलेल्या वर्षांचे, इसवी सनात रूपांतर, गावांच्या नावांची सूची ही कामे तेव्हा करायची. साडेपाचला यंत्रे बंद.

ही कामे कमी प्रतीची आहेत असे कोणी मानू नये. बाईंनी बनवलेल्या अडलेल्या शब्दांच्या यादीमुळे तिसऱ्या रुमालात आमचे पुष्कळ श्रम वाचतील, कारण एकाच कारकुनाचा हात पुढे सत्तरएक पानांवर दिसतो आहे.

३० जुलै, मंगळवार

गेल्या गुरुवारी, २५ तारखेला, पुण्यात पावसाने हाहाकार केला. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या वस्त्यांत नदी शिरली. आमच्या धाकट्या सहकाऱ्याचे भाड्याचे घर त्याच भागात तळमजल्यावर आहे. सामान वरच्या मजल्यावर हलवण्यात आणि नंतर गाळ उपसण्यात त्याचे कामाचे तीन दिवस गेले, आम्हीही कामाला हात लावला नाही.

आज तो आला आणि आल्याबरोबर म्हणाला, "ताई, मी शनिवार-रविवार बसून भरून काढतो." मी नको म्हटले. तीन दिवसांची तूट म्हणजे ४२ पाने. ती उरलेल्या दिवसांवर पसरली तर रोजच्या चौदात निम्म्या पानाचीच भर पडते. सुट्टीच्या दोन दिवसांत ती दाबून बसवण्याची गरज कामाला नाही, ती गरज आपल्या मनातल्या अपराधीपणाला असते. घरात चिखल शिरलेल्या माणसाने पानांचा अपराध वाटून घ्यावा, याचे मला दिवसभर वाईट वाटत राहिले.

एकूण पुरी पाने : १९०.

८ ऑगस्ट, गुरुवार

आज जे सापडले ते सविस्तर लिहून ठेवते.

चौथ्या रुमालातले एका गावच्या पाटीलकीच्या तंट्याचे पत्र. सन धाकट्या सहकाऱ्याने "सलास सितैन मया व अलफ" असा वाचला होता, म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार मिळून शुहूर ११६३, इसवी सन १७६२-६३. दुबार वाचन बाईंकडे होते. पत्रात ज्या पाटलाला देवाज्ञा झाल्याचे लिहिले आहे, तोच पाटील १७६९ च्या एका कतब्यावर, म्हणजे लेखी करारावर, स्वतः साक्ष घालतो, हे बाईंच्या लक्षात होते. त्यांनी प्रतिमा तीनशे टक्के मोठी करून पाहिली. शब्द "सितैन" (साठ) नव्हता, "सबैन" (सत्तर) होता. दोन्ही स ने सुरू होऊन न वर संपतात. मधले अक्षर घाईच्या हाताने इतके बारीक झाले होते की त्याच्या पोटातली गाठ शाईत बुडाली होती. सन सलास सबैन, शुहूर ११७३, इसवी सन १७७२-७३. एका अक्षराने दहा वर्षांची चूक झाली होती, आणि पत्र तसेच पुढे गेले असते तर मेलेला माणूस साक्ष घालतो म्हणून कोणा अभ्यासकाने कतबाच बनावट ठरवला असता.

ही चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. पण फाइल शेवटची साठवल्याची वेळ रात्री १ वाजून ४० मिनिटे होती. मागच्या दहा दिवसांच्या फाइली पाहिल्या तर तशा आणखी एकवीस निघाल्या.

दुपारी चहा घेताना त्याच्याशी बोलले. तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "पुरात गादी, कपाट, पुस्तकं सगळं गेलं, ताई. पानं जास्त झाली तर पैसे जास्त येतील एवढंच डोक्यात होतं."

दोष माझ्या मांडणीत होता. संस्थेकडून आम्हाला ठरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते, पण ती आपापसांत वाटताना मीच पानामागे दर लावला होता. तीननंतर मोडी वाचायची नाही असा नियम एका हाताने लिहायचा आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक पानावर पैसे ठेवायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. विश्रांती घे असे माणसाला सांगत राहणे सोपे आहे. त्याला विश्रांती परवडेल अशी व्यवस्था करणे हे काम चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे आणि ते मी केले नव्हते.

आजपासून तिघांना दरमहा समान आणि ठरलेली रक्कम. त्याला दोन महिन्यांची आगाऊ दिली. रात्रीची बावीस पाने पुन्हा पहिल्या वाचनाला घेतली आहेत, आणि ती तो सोडून आम्ही दोघी वाचणार आहोत.

२१ ऑगस्ट, बुधवार

उद्याची चिठ्ठी हा प्रकार पंधरा दिवसांपासून सुरू आहे आणि तो टिकेल असे दिसते. यंत्र बंद करण्यापूर्वी शेवटची दहा मिनिटे प्रत्येकाने एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या : कुठे थांबलो, काय अडले आहे आणि उद्या पहिले काय उघडायचे. माझी कालची चिठ्ठी अशी होती : "रुमाल ४, पान ६१, ओळ ९. मणांच्या आकड्यापुढच्या उभ्या रेघा तीन आहेत की दोन, म्हणजे पाऊण की अर्धा, हे ठरत नाही. सकाळी पान ५८ वरची बेरीज करून पाहावी."

पूर्वी असा अडलेला आकडा माझ्याबरोबर घरी यायचा. भाजी चिरताना, अंथरुणावर पडल्यावर त्या दोन-तीन रेघा डोळ्यांपुढे उभ्या राहायच्या. चिठ्ठी लिहिल्यापासून तो आकडा टेबलावरच राहतो. अपुऱ्या कामाचे विचार मनात घोळत राहतात हे मानसशास्त्रात पुष्कळ जुने निरीक्षण आहे, पण मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलेली गोष्ट मला अधिक उपयोगाची वाटते : काम पुरे झाले नाही तरी चालते, ते केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवले की मनाची घालमेल कमी होते. "उद्या बघू" एवढ्याने ते साधत नाही. कोणते पान, कोणती ओळ, कशाशी ताडायचे, इतके बारीक लिहावे लागते.

रेघा तीन होत्या. बेरीज जुळली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणेश चतुर्थी. ऑगस्टअखेर ४५५ पाने पुरी आहेत. सोमवारपासून पुढचे सहा कामाचे दिवस सुट्टी ठेवली आहे, कारण बाईंकडे गौरी असतात : मंगळवारी आवाहन, बुधवारी पूजन, गुरुवारी विसर्जन.

१८ सप्टेंबर, बुधवार

सुट्टीनंतर बाई परत आल्या त्या गेल्या होत्या त्याहून थकलेल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या दुबार वाचनात निसटलेल्या चुका मला दिसल्या, जे आजवर झाले नव्हते. विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, सुट्टी तुमच्या वहीत होती. माझ्याकडे दोन दिवस चाळीस पानं उठत होती." त्यांना इथे जेवणाची पाने म्हणायची होती.

मी कार्यालयाचे तास मोजत होते आणि घरातले तास माझ्या वहीत कुठेच नव्हते. साबीने झोनेन्टाग या जर्मन संशोधक कामानंतरच्या सावरण्याचा अनेक वर्षे अभ्यास करत आल्या आहेत. शार्लोटे फ्रित्स यांच्याबरोबर २००७ मध्ये त्यांनी सावरण्याचे जे चार अनुभव मांडले त्यांत कामापासून मन सुटणे, आराम, नवे काही जमवण्याचा आनंद आणि आपल्या वेळेवर आपला ताबा ही चार अंगे येतात. सणाच्या घरात सुनेच्या, सासूच्या, थोरल्या जावेच्या वाट्याला यांपैकी शेवटचे अंग येतच नाही. दप्तराच्या कामापासून मन सुटते हे खरे, पण ते स्वयंपाकघराच्या कामाला जाऊन बांधले जाते.

गौरी बाईंना मनापासून हव्या असतात, त्या सोडा असे कोणी म्हणू नये आणि मीही म्हणत नाही. पण सण आणि विश्रांती यांची वहीत एकच ओळ असता कामा नये. म्हणून बाईंना आता तीन दिवस फक्त सूचीचे काम दिले आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीला जोडून सर्वांसाठी एक दिवस असा ठेवला आहे की ज्या दिवशी घरी पाहुणा नसेल आणि कामही नसेल. तो कोणता, हे प्रत्येकाने आपापले ठरवायचे आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल घटस्थापनेच्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. संध्याकाळी आम्ही पेढे आणले. बाईंच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते मला अगदी समजले.

आज सकाळी संस्थेचा दूरध्वनी आला. या निमित्ताने कार्यक्रम करायचा आहे, तेव्हा सर्व पाने ३० नोव्हेंबरला हवीत, आणि बाराव्या रुमालातली ४०० पानेही त्यांत घ्यावीत. सप्टेंबरअखेर आमची ६८० पाने पुरी आहेत. दोन महिन्यांत १,२२० पाने म्हणजे दिवाळीची सुट्टी धरून रोज जवळजवळ तीस. पलीकडून बोलणारे गृहस्थ सज्जन आहेत आणि त्यांचा उत्साह खरा होता. भाषेसाठी एवढे करायलाच हवे, असे ते म्हणाले तेव्हा क्षणभर माझ्याही तोंडून हो निघणार होते.

अशा वेळीच माणूस फसतो. पैशासाठी जादा काम नाकारणे त्या मानाने सोपे असते. ज्या कामावर श्रद्धा आहे त्याच्या नावाने मागितलेले तास नाकारताना आपण कृतघ्न आहोत असे वाटते. २०२२ मध्ये माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. हे कागद आता वाचले नाहीत तर कोण वाचणार, या एका वाक्यावर मी अकरा आठवडे रात्री जागवल्या होत्या.

मी उत्तरासाठी दोन दिवस मागून घेतले.

७ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर पाठवले. त्यात नाही हा शब्द एकदाच आहे. बाकी सगळी वही आहे. तारखेनुसार पुरी पाने, वेळेनुसार दुरुस्त्या आणि सितैन-सबैनच्या पानाची प्रतिमा सोबत जोडली. रोज तीस पाने वाचून होतील, पण त्यांतली निम्मी वर्षभरात पुन्हा वाचावी लागतील आणि तोवर ती छापली गेलेली असतील, असे स्पष्ट लिहिले. ३० नोव्हेंबरला अकरापैकी सात रुमाल, सूची आणि शब्दांच्या यादीसह, निर्दोष देतो. उरलेले चार ठरल्याप्रमाणे ३१ डिसेंबरला. बाराव्या रुमालाचे काम पुढच्या वर्षी वेगळे धरावे, असा पर्याय दिला.

कायद्याचे काय, असे धाकट्या सहकाऱ्याने विचारले म्हणून ते पाहून ठेवले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२४ मध्ये दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती. हे नियम तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होते, आम्ही तिघे त्यांत बसत नव्हतो. शिवाय ते बाहेरचे कुंपण आहे. नऊ तास मोडी वाचायला कायदा आड येणार नाही, डोळे येतील. आमच्यासारख्या लहान कामांत मर्यादा कोणीतरी स्वतः आखून कागदावर आणावी लागते, नाहीतर ती प्रत्येकाच्या भिडेवर राहते.

९ ऑक्टोबर, बुधवार

संस्थेने पर्याय मान्य केला. त्या गृहस्थांनी वेळेनुसार दुरुस्त्यांचा तक्ता त्यांच्याकडच्या इतर कामांसाठी मागून घेतला आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

ही नोंद माझ्या स्वतःबद्दल आहे.

दिवाळीनंतर गेला संपूर्ण आठवडा माझी पाने ठरल्याप्रमाणे होत होती, दुरुस्त्याही वाढल्या नव्हत्या. पण गुरुवारी एका विधवेचा अर्ज वाचत असताना, जिची जमीन दिराने बळकावली होती आणि जी तिसऱ्यांदा दाद मागत होती, माझ्या मनात आले की अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईच्या अर्जाने आता काय फरक पडणार आहे. पान टंकून पुढे गेले. रात्री ते आठवले आणि मी घाबरले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला स्थान आहे, मात्र आजार म्हणून नव्हे. नीट न हाताळल्या गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणे तिथे दिली आहेत : शक्ती संपून गेल्याची भावना, कामापासून मन दुरावणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. मी आतापर्यंत वहीत पहिल्या आणि तिसऱ्याची मोजदाद करत होते. दुसरे लक्षण दुरुस्त्यांच्या रकान्यात उमटत नाही. माणूस अचूक वाचू शकतो आणि तरीही जे वाचले त्यापासून मैलभर दूर असू शकतो. २०२२ मध्येही सुरुवात अशीच झाली होती; तेव्हा मी त्या विचाराला व्यावसायिक अलिप्तता असे नाव दिले होते.

शुक्रवारी सकाळी दोघांना सांगितले. सांगणे जड गेले, कारण नियम मी आखलेले आहेत. बाई म्हणाल्या, "तू तीननंतर वाचत नाहीस, पण साडेपाचनंतर संस्थेशी, बँकेशी, स्कॅनवाल्याशी बोलत असतेस, ते कोणत्या रकान्यात मांडतेस?" कुठल्याच नाही. गौरींच्या वेळी मी त्यांच्याबद्दल जे लिहिले, तेच माझ्याबाबत घडत होते आणि मला दिसले नाही.

उद्यापासून तीन दिवस मी येणार नाही. पत्रव्यवहार आणि दूरध्वनी तिघांत वाटून घेतले आहेत. दुपारी चार ते साडेपाच एवढाच त्यांचा वेळ. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, कारण ही लक्षणे नैराश्याशी मिळतीजुळती असू शकतात आणि तो निवाडा मी माझा मी करू नये. भिंतीवर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावला आहे. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही मोफत सेवा २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. क्रमांक कोणासाठी लावला आहे, असे कोणी विचारले नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

परत आले. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या केल्या, हिमोग्लोबिन कमी निघाले, गोळ्या दिल्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. तीन दिवसांत मी काही विशेष केले नाही. दोन दिवस झोपले, आणि तिसऱ्या दिवशी बहिणीबरोबर पर्वतीच्या पायऱ्या हळूहळू चढून आले.

सकाळी पहिल्यांदा त्या विधवेचा अर्ज पुन्हा उघडला. शेवटच्या दोन ओळींत मी गाळलेले काही नव्हते. पण तिने आपल्या दोन मुलांची वये लिहिली होती, ती मी टंकली होती आणि मला आठवत नव्हती. एक सात वर्षांचा, एक तान्हा.

२ डिसेंबर, सोमवार

सात रुमाल शनिवारी दिले. एकूण पुरी पाने १,१९५. वहीत चौथा रकाना घातला आहे : दिवसभरात वाचलेल्यांपैकी कोणता माणूस लक्षात राहिला. नाव किंवा एक ओळ लिहायची. नसेल तर रकाना कोरा सोडायचा. सलग तीन दिवस कोरा राहिला तर त्या व्यक्तीने दुसऱ्या दिवशी सूचीचे काम घ्यायचे, कारण विचारायचे नाही. पहिल्याच दिवशी धाकट्या सहकाऱ्याने लिहिले आहे : "घोड्याच्या दाण्याचा हिशेब देताना घोड्याचे नाव लिहिणारा कारकून."

२४ डिसेंबर, मंगळवार

पुरी पाने १,४३३. ओल लागून शाई पसरलेली २२ पाने आम्ही बाजूला काढली आहेत. ती अंदाजाने वाचायची नाहीत असे तिघांचे मत पडले आणि संस्थेला तसे कळवले. उरली ४५ पाने, नाताळनंतर कामाचे दिवस चार. रोज अकरा-बारा पाने होतात, म्हणजे आमच्या नेहमीच्या चौदापेक्षा कमीच.

बाराव्या रुमालाबद्दल संस्थेने विचारले आहे. धाकट्या सहकाऱ्याला तो हवा आहे. बाईंनी मार्चपर्यंत नको म्हटले, त्यांची नात येणार आहे. मी मार्चनंतरची तारीख कळवली आणि सहा महिन्यांऐवजी आठ मागितले.

उद्या सुट्टी. परवाची चिठ्ठी : "रुमाल ११, पान १०४, ओळ ३. गावाचे नाव वाडे की वाढे ठरत नाही. सकाळी बाईंच्या सूचीत पाहावे."